चार बाटल्या वायू

“लाकूड नाही, गोवरी नाही, घासलेट नाही,” जीवीबा म्हणाल्या, “आणि तरी चहा उकळतोय बघ. आता तू सांग, तुझ्या त्या लोखंडी मनोऱ्यानं काय काढलं जमिनीतून?”

मनोरा म्हणजे तेलासाठी जमीन खणणारी आमची रिग. दोन कोसांवर, खारट सपाट माळावर ती एकटीच उभी होती आणि जीवीबांच्या अंगणातून स्पष्ट दिसत होती. चार महिने खणून आम्ही बावीसशे मीटर खाली गेलो होतो आणि हाती लागलं होतं खारं पाणी.

“काही नाही,” मी कबूल केलं.

“आणि माझी ही बोअर फक्त दीडशे हात आहे!”

पाण्यासाठी खणलेली त्यांची ती बोअर वर्षभरापूर्वी पाण्याऐवजी फुसफुसायला लागली होती. कुणीतरी काडी पेटवली, जाळ उठला नि ‘भूत, भूत’ म्हणत गावाची पळापळ झाली. जीवीबा मात्र पळाल्या नाहीत. त्यांनी त्या पाइपावर तुपाचा डबा पालथा घातला, डब्याला नळी लावली, नळीवर तीन दगड मांडले आणि त्या दिवसापासून घरातली चूल बंद केली. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा सुरतेला गिरणीत. साठीची ही बाई गावात कुणालाच घाबरत नव्हती, तर भुताला काय घाबरणार?

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बडोद्याच्या चित्र्यांची कालिंदी, एका तेलकंपनीत भूवैज्ञानिक म्हणून लागून पाच महिने झालेली. साल एकोणऐंशी. खंबातच्या आखाताजवळच्या त्या छावणीत मी एकटीच बाई होते. आमच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर हसत हसत म्हणाला होता, की वेणपुरा गावात एक म्हातारी भुताच्या जाळावर रोटला भाजते. शुक्रवारी दुपारी मी सायकल काढली आणि ते भूत बघायला आले.

चहा झकास होता. पण माझं लक्ष कपाकडे नव्हतं, पातेल्याच्या बुडाकडे होतं. मी बुडावर बोट फिरवलं. बोट काळंकुळीत झालं.

“जीवीबा, हे पातेलं रोज घासता?”

“अगं, रोज घासते नि रोज काळं होतं. का गं?”

मी वाकून ज्वाळेकडे पाहिलं. पिवळी होती. दलदलीत पालापाचोळा कुजून जो वायू होतो तो निळसर, स्वच्छ जळतो. काजळी धरते ती जड वायूंची, आणि ते दीडशे हातांवर कुजण्यातून होत नाहीत. ते खूप खालून येतात, तेलाबरोबर.

“ही आग येते कुठून?” जीवीबांनी विचारलं.

मी आनंदाच्या भरात सगळंच सांगायला बसले. पाच कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते, ते मरून तळाच्या चिखलात पडत गेले. चिखलावर चिखल साचला, थरावर थर चढले, सगळं खाली खाली दबत गेलं. जमिनीच्या पोटात ऊब असते. त्या उबेत तो चिखल लाखो वर्षं मुरला, शिजला, आणि त्याचं तेल झालं.

“म्हणजे उंधियू,” जीवीबा म्हणाल्या.

“अं?”

“मडक्यात शेंगा, कंद, वांगी भरायची, मडकं जमिनीत पालथं पुरायचं, वरून जाळ. जाळ कमी पडला तर कच्चं, फार झाला तर कोळसा. तुझं तेल तसंच ना?”

माझ्या प्राध्यापकांनी हेच समजवायला दोन तास आणि सात तक्ते घेतले होते.

“अगदी तसंच! कमी शिजलं तर तेल होत नाही, फार शिजलं तर तेलाचा वायू होतो.”

“मग शिजलेलं तिथेच का नाही बसत?”

“हलकं असतं ना. वाळूच्या थरात पाणी भरलेलं असतं, त्यातून ते वर वर सरकत राहतं. वर घट्ट चिकणमातीचं झाकण मिळालं की तिथे थांबतं, साठतं. झाकणाला भेग असली की निसटून आणखी वर.”

जीवीबांनी आपल्या चुलीकडे पाहिलं. “म्हणजे माझ्याकडे आलंय ते निसटलेलं.”

“आणि जिथून निसटलं तिथे बाकीचं अजून असेल!” मी ओरडलेच, आणि चहा अर्धा टाकून सायकलवर बसले.

आमचे साहेब होते भादुरी. कलकत्त्याचे, पन्नाशीचे, त्या धुळीतही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे, आणि वाक्यं मोजून बोलणारे. सोमवारी सकाळी ट्रक येणार होते, रिग खोलून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती. त्यांच्या टेबलावर त्याचेच कागद होते.

“दलदलीचा वायू,” ते मान वर न करता म्हणाले. “आखाताच्या काठावर प्रत्येक गावात आहे, मिस चित्रे.”

“सर, तिच्या भांड्याला काजळी धरते.”

मान वर झाली. “किती?”

“बोट फिरवलं तर मिशी काढता येईल इतकी.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी खिशातून नकाशा काढून पसरला. आमच्या विहिरीच्या पूर्वेला जमिनीखाली एक मोठी भेग गेलेली आहे, असं मला जुन्या मोजण्यांवरून वाटत होतं. मी पेन्सिलीनं ती रेघ वेणपुऱ्याच्या वेशीपर्यंत नेली होती. तेल पश्चिमेच्या खोल भागात शिजलं, पूर्वेकडे चढत आलं, आणि आम्ही खणलं त्या जागेला वळसा घालून भेगेपलीकडच्या उंच बाजूला जाऊन थांबलं, असं माझं म्हणणं होतं.

“वायूचा नमुना बडोद्याच्या प्रयोगशाळेत तपासला तर उद्याच कळेल, सर. जीप मिळेल?”

“नाही. कार्यक्रमात नाही त्या कामाला जीप मिळत नाही.”

मी नकाशाची घडी घालायला लागले. डोळ्यांत पाणी येईल की काय अशी भीती वाटत होती, म्हणून घाई करत होते.

“उद्या शनिवार,” टेबलापलीकडून आवाज आला. “तुमची रजा मंजूर. रजेत कुणी काय करावं हे मी विचारत नसतो. बस साडेसातला आहे.” मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते पुन्हा बोलले, “आणि बाटल्यांत मिठाचं पाणी भरा. साध्या पाण्यात वायू विरघळतो.”

सकाळी सहाला मी जीवीबांच्या दारात हजर. छावणीत काचेच्या बाटल्या मिळाल्या नव्हत्या. जीवीबांनी माळ्यावरून चार काढून दिल्या.

“दिरांच्या खोकल्याच्या औषधाच्या आहेत.”

बाटल्या चपट्या, खांद्याला गोल. खोकल्याचं हे औषध दमणहून येत असणार, हे ओळखायला भूविज्ञान लागत नव्हतं. दारूबंदीच्या राज्यात अशी औषधं घरोघरी असतात. आम्ही त्यांत खारं पाणी काठोकाठ भरलं, घमेल्यातल्या पाण्यात त्या उलट्या धरल्या आणि नळीचं तोंड खाली घातलं. बुडबुडे बुडबुड करत वर चढले, पाणी खाली उतरलं. तोंडाकडे चार बोटं पाणी उरलं तेव्हा मी घमेल्यातच बुचं ठोकली. बाटली उलटीच ठेवायची, म्हणजे बुचापाशी पाणी राहतं नि वायू निसटत नाही. वर चिठ्ठ्या डकवल्या. त्यांच्यावर बोअरचा नंबर, तारीख, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांचं नाव.

मी पाटीत पेंढा घालून बाटल्या उलट्या रचल्या आणि निघाले. बघते तर जीवीबा नवं लुगडं नेसून, दाराला कडी लावून माझ्या पुढे.

“तुम्ही कुठे?”

“वायू माझा, बाटल्या माझ्या दिराच्या, आणि मी घरी बसू?”

बसमध्ये त्यांनी पहिलं आसन मिळवलं आणि पाटी मांडीवर घेतली. मागे एका काकांनी विडी काढली. “भाई, विझव,” जीवीबा म्हणाल्या. “इथे माझ्या मांडीवर पाच कोटी वर्षांचा राग बसलाय.” काकांनी विडी न पेटवताच खिशात ठेवली. थोड्या वेळानं कंडक्टर आला, मग शेजारची शिक्षिका वळली, मग दोन भाजीवाल्या सरकून बसल्या, आणि बोरसद येईपर्यंत अख्खी बस उंधियूची गोष्ट ऐकत होती. जीवीबा ती माझ्यापेक्षा चांगली सांगत होत्या. समुद्रातल्या बारीक जिवांना त्यांनी चक्क कोळंबीची पोरं करून टाकलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

महीच्या पुलाच्या अलीकडे बस थांबली. दारूबंदीची तपासणी होती. एक धिप्पाड जमादार चढला. मिशा कानापर्यंत, हातात छडी. तो पिशव्या चाचपत आला आणि जीवीबांच्या पाटीपाशी थबकला. त्यानं पेंढा बाजूला केला. चपट्या बाटल्या, आत पाण्यासारखं काहीतरी, त्याही उलट्या.

“बा, हे काय?”

“वायू.”

“आणि खाली साठलंय ते?”

“मिठाचं पाणी.”

जमादार हसला. असं हसू रोज दहा थापा ऐकणाऱ्या माणसालाच येतं. त्यानं एक बाटली उचलून चिठ्ठी वाचली. मग मोठ्यानं वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“श्रीयुत फिरोज दारूवाला.”

बसमध्ये कुणाला तरी ठसका लागला. मी उभी राहिले. “जमादारसाहेब, ते आमचे रसायनशास्त्रज्ञ आहेत. पारशी आहेत. आडनाव आहे त्यांचं!”

“हो का? आणि तुमचं आडनाव काय? बाटलीवाला?”

आता ठसका राहिला नव्हता, सगळी बस फुटली होती. हसण्याचा एवढा गदारोळ, आणि माझी नजर मात्र बाटलीवर. कारण जमादारानं अंगठा बुचाला लावला होता.

“उघडू नका!” मी ओरडले. “उघडलंत तर वास घ्यायला आत काही राहणार नाही. सोमवारी आमची रिग जाणार आहे. या बाटल्या आज पोचल्या नाहीत तर कुणीही परत इथे खणायला येणार नाही!”

“पुरावा नष्ट होईल म्हणता?”

“अरे, तुला पुरावाच पाहिजे ना?” जीवीबा उठल्या. “एक बाटली घे. खाली उतर. काडी आहे?”

“जीवीबा, चारच आहेत!”

“तीन पुरतील, दीकरी. याला पटल्याशिवाय एकही पुढे जात नाही.”

खरंच होतं ते. आम्ही सगळे खाली उतरलो. बसपासून पन्नास पावलांवर, मोकळ्या जागेत. मी बाटली सुलट केली. पाणी तळाशी उतरलं. सगळ्यांना मागे सरकवलं, हात लांब केला, बूच काढलं, आणि जमादारानं मोठ्या धिटाईनं, जरा जास्तच जवळ येऊन, काडी लावली.

बाटलीच्या तोंडावर पिवळी ज्योत उभी राहिली. वीतभर. देवापुढच्या निरांजनासारखी स्थिर. सगळे “आ” करून बघत राहिले. मग ती ज्योत गळ्यातून आत उतरली आणि भुप्प!

जमादार तीन पावलं मागे गेला. छडी कुठे गेली कळलं नाही. डाव्या मिशीच्या टोकातून बारीक धूर निघत होता. त्यानं मिशी चिमटीत धरली, विझवली, चिमूट हुंगली, आणि मला विचारलं, “बेन, हे आपल्या जमिनीतून निघतं?”

“आपल्याच.”

“किती आहे?”

“तेच बघायला चाललोय.”

तो बसकडे वळला आणि गरजला, “बसा! सगळे बसा! ड्रायव्हर, रस्त्यात कुठे थांबायचं नाही. विडी पेटवलेला माणूस दिसला तर आत टाकीन!” आणि स्वतः दाराच्या पायरीवर उभा राहून तो बडोद्यापर्यंत आला. तपासणीबद्दल त्यानं त्याच्या साहेबाला काय सांगितलं असेल ते असो.

दारूवालासाहेब प्रयोगशाळेत डबा उघडून जेवायला बसले होते. गोरेपान, टक्कल पडलेले, नाकावर चष्मा. मी हकीकत सांगितली तशी त्यांनी डबा तसाच झाकला. ते यंत्र म्हणजे एक कपाट, त्यात वेटोळं घातलेली बारीक नळी, आणि बाहेर एक लेखणी सरकत्या कागदावर रेघ काढत बसलेली. वायू नळीतून ढकलायचा. हलका आधी बाहेर पडतो, जड मागाहून. जो बाहेर पडेल त्याचा लेखणी एक डोंगर काढते.

“दलदलीचा असेल तर एकच डोंगर,” ते म्हणाले. “त्याच्या मागे सपाट मैदान.”

त्यांनी बुचातून सुई खुपसली, वायू ओढला, यंत्रात सोडला. आम्ही तिघं कागदाकडे बघत उभे राहिलो. जमादार दारात चौथा. लेखणी थरथरली, सर्रकन वर गेली, खाली आली. एक डोंगर. प्रचंड.

आणि मग मैदान.

कागद सरकत होता. रेघ सरळ. बोटभर, दोन बोटं, वीतभर. मनात भादुरीसाहेबांचं वाक्य वाजायला लागलं, प्रत्येक गावात आहे, मिस चित्रे.

“झालं?” जीवीबांनी हळूच विचारलं.

“थांबा, माँजी,” दारूवाला म्हणाले. “जड मंडळी नेहमी सावकाश येतात. माझी बायको बघा लग्नाला.”

लेखणी हलली. एक छोटा डोंगर उठला. “ईथेन,” ते पुटपुटले. पुन्हा थोडं मैदान, आणि दुसरा. “प्रोपेन.” त्यांनी चष्मा काढून पुसला, तोवर लेखणीनं अजून दोन डोंगर एकापाठोपाठ काढले. “ब्यूटेन. त्याची दोन रूपं असतात, दोन्ही भाऊ आले. अरे पोरी, हे तेलाचं खानदान आहे! दलदलीत हे जन्मात होत नाही!”

मी काय केलं ते मला आठवत नाही, लोकांनी नंतर सांगितलं ते आठवतं. मी म्हणे जमादाराला मिठी मारली. जीवीबा टाळी देत त्या यंत्राभोवती गरब्याच्या चालीनं फिरायला लागल्या, मागून दारूवाला, हातात कागदाची पट्टी घेऊन. “खात्रीसाठी दुसरी बाटली लावू, तिसरीही लावू,” असं ते म्हणत होते, पण फेर सोडत नव्हते. नंतर लावल्या. तेच पाच डोंगर, तशाच उंचीचे.

बडोद्याच्या आमच्या तळावरून रिगशी वायरलेसनं बोलता येत असे. मी धावत त्या खोलीत गेले. पलीकडचा ऑपरेटर म्हणाला, “साहेब इथेच आहेत. सकाळपासून इथून हलले नाहीत. जेवलेही इथेच.”

“बोला,” भादुरीसाहेब.

“सर, ईथेन आहे. प्रोपेन आहे. ब्यूटेन आहे!”

खरखर. इतकी की मला वाटलं संपर्क तुटला.

“सर? सोमवारचे ट्रक…”

“ट्रक मी कालच रद्द केले, मिस चित्रे. कारणाचा रकाना कोरा आहे. तुम्ही सावकाश सांगा, मी लिहून घेतो.”

भेगेपलीकडे, वेणपुऱ्याच्या वेशीजवळ नवी विहीर खणायला पाच महिने गेले. बाराशे मीटरवर जाड, घट्ट चिकणमाती लागली, आणि तिच्या खाली वाळू. वर आलेला वाळूचा तो चुरा मी, ज्याच्या उजेडात तेल चमकतं त्या जांभळ्या दिव्याखाली धरला आणि तो सोनेरी पिवळा चमकला. नुकत्याच उमललेल्या झेंडूसारखा. मी दिवा विझवून पुन्हा लावला. पुन्हा चमकला. असं मी किती वेळा केलं ते मोजलं नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी भादुरीसाहेबांनी मला तंबूबाहेर बोलावलं. नेहमीचा पांढरा शर्ट.

“पंचवीस वर्षांपूर्वी,” ते दूर बघत म्हणाले, “मी तुमच्याएवढा होतो. दुसरा प्रांत. एक म्हातारा दहा मैल चालत माझ्याकडे आला. त्याच्या तळ्यात बुडबुडे येत होते, ते पेटत होते. मी म्हणालो, दलदलीचा वायू. तो परत गेला.” ते थांबले. “अकरा वर्षांनी दुसऱ्यांनी तिथे खणलं. अजून तेल निघतंय. मी त्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.”

त्या शुक्रवारी त्यांना जीप का देता आली नाही, आणि तरी मिठाच्या पाण्याची आठवण त्यांनी का केली, हे मला त्या क्षणी समजलं. बाटल्यांत काय निघेल याची त्यांना माझ्याइतकीच आस होती, आणि माझ्याहून जास्त भीती.

“चला,” ते म्हणाले. “बाईंना बोलावलंय ना?”

जीवीबा आल्या होत्या. सगळं गाव घेऊन आल्या होत्या. कुंपणापलीकडे माणसंच माणसं, झाडांवरसुद्धा. मोठी पाइपलाइन लांबच्या हौदाकडे गेलेली, आणि आमच्यासमोर नमुना घ्यायचा छोटा नळ. तो उघडायचा मान साहेबांचा असतो. भादुरीसाहेब बाजूला सरले आणि त्यांनी जीवीबांसाठी हात पुढे केला.

“मी?”

“तुम्हीच.”

त्यांनी पदर खोचला, दोन्ही हातांनी चक्र धरलं आणि जोर केला. आधी फुसफुस, मग खोकल्यासारखे दोन आचके, मग काळंहिरवं, जाडसर, कोमट तेल भकाभक आलं. निम्मं बादलीत, निम्मं भादुरीसाहेबांच्या शर्टावर. कामगारांनी आरोळी ठोकली. गाव ओरडलं. साहेबांनी आपल्या छातीकडे पाहिलं आणि मी नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

जीवीबांनी धारेखाली तळहात धरला. तेल बोटांतून ओघळलं. त्यांनी वास घेतला, दोन बोटं एकमेकांवर घासली, आणि माझ्याकडे वळल्या.

“दीकरी, शिजायला नि इथवर चालत यायला याला किती वर्षं लागली म्हणालीस?”

“कोट्यवधी, जीवीबा. चार-पाच कोटी.”

त्यांनी दोन्ही हातांनी चक्र धरलं, अर्धा फेरा मागे घेतला, आणि धार बारीक केली.

“मग जरा दमानं येऊ दे की त्याला. थकलं असेल.”